ऑर्गनची तिसरी तार

वसमतला नेमसिंगच्या बँडात मी ट्रंपेट वाजवायचो आणि जळबा पेटी. जळबा शिरड शहापूरच्या बौद्ध वस्तीतला. वडिलांच्या गायन पार्टीत लहानपणापासून बसून त्याचा हात तयार झालेला. कुणी नुसतं गुणगुणलं तरी त्याची बोटं बराबर त्या पट्टीवर जायची. बोलणं मात्र जेवढ्यास तेवढं. आमचा गायक अमृतराव त्याच्या धाकट्या बहिणीचा, मालनचा, नवरा. हे लग्न जळबानंच जुळवलं होतं. "गळा गोड हाय अन् दारूला शिवत न्हाई," एवढं पाहून त्यानं बहीण दिली.

शहात्तर सालच्या जानेवारीत नेमसिंग जळबाला घेऊन हैदराबादला गेला आणि तिथल्या एका हॉटेलच्या बँडानं विकायला काढलेला इलेक्ट्रिक ऑर्गन घेऊन आला. लोखंडी पाय, कडेला चकचकीत पत्रा, एका रांगेत खटके. एक खटका दाबला की बासरी, दुसरा दाबला की सनई. आमच्या भागातल्या कुठल्याच बँडाकडं असली वस्तू नव्हती. वरात मांडवात पोचली की ऑर्गन मांडायचा, जळबानं लाकडी स्टुलावर बसायचं आणि अमृतरावानं माइक हातात घेऊन शेजारी उभं राहायचं. लोक जेवण टाकून बघायला यायचे.

फक्त एक तकलीफ होती. ऑर्गन चालू केला की भोंग्यातून सारखी घूं घूं यायची.

"दादा, हे भुंग्यावानी काय वाजून राहिलं?" अमृतराव वैतागायचा. "माझा सूरच हरवतो."

एका दुपारी जळबानं तीन पायांची पिन खोलली, आतली अर्थिंगची तार सोडवली आणि पिन परत बंद केली. घूं घूं थांबली. अमृतरावानं त्याच्या पाठीवर थाप मारली. जळबाला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं, त्या दिवशी पाहिलं. त्यानं काय केलं हे आम्ही कुणी विचारलं नाही. आवाज गेला, बस्स.

मे महिन्यात डोंगरकडा गावात एक लग्न होतं. दुपारचे बारा वाजून गेले होते. धुरळा बसावा म्हणून मांडवात पाणी शिंपडलं होतं. अमृतरावाच्या नव्या चपला चावत होत्या, म्हणून त्यानं त्या काढून ठेवल्या. दोन गाणी झाली. तिसरं सुरू झालं तेव्हा पट्टी त्याला उंच वाटली असावी. उजव्या हातात माइक धरून तो जळबाकडं वाकला आणि डावा हात त्यानं ऑर्गनच्या पत्र्यावर टेकवला.

"दादा, जरा खाली..."

पुढचे शब्द आले नाहीत. तोंड उघडंच राहिलं. आम्हाला वाटलं, तान घेतोय. जळबा वाजवत राहिला. मग अमृतरावाचं अंग थरथरायला लागलं आणि मांडवातून कुणीतरी ओरडलं. मांडवाची वायरिंग करणारा गावचा वायरमन उत्तमराव धावला, त्यानं मेन स्विच खाली पाडला. अमृतराव ओल्या जमिनीवर कोसळला. जीप मिळाली, पण ती गावाबाहेर पडायच्या आत सगळं संपलं होतं.

पोलिसांनी उत्तमरावाला धरलं. मांडवातल्या वायरचे दोन जोड उघडे सापडले होते, तेवढं पुरे झालं. त्याला ठाण्यात नेऊन मारलं.

पोलीस येण्याआधीच जळबानं नेमसिंगला सगळं सांगितलं होतं. मी शेजारीच होतो.

"गप ऱ्हाय," नेमसिंग म्हणाला. "गेलेला माणूस परत येत न्हाई. अन् तू आत गेलास तर मालनच्या लेकराकडं कोण बघंल?"

जळबानं त्याचं ऐकलं. दोन दिवस त्यानं अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "चल संगं. मला एकट्याला जमंना." ठाण्यात जमादारापुढं उभं राहून त्यानं सांगितलं, "साहेब, त्या वायरमनला सोडा. तार म्या काढली. इकणारा म्हनला व्हता, तीसरा तार मत निकालना भाई. तरी म्या काढली."

जप्त केलेला ऑर्गन तिथंच होता. जमादारानं पिन खोलून पाहिली. तिन्ही तारा जागच्या जागी, स्क्रू घट्ट आवळलेले.

पोलीस यायच्या आत नेमसिंगनं तार जोडून टाकली होती.

"याचा मेव्हणा गेला," जमादार मला म्हणाला. "डोकं फिरलंय याचं. घरी घेऊन जा." मी तेव्हा बोलायला हवं होतं. नेमसिंग काय म्हणाला ते मी ऐकलं होतं. मी जळबाचा हात धरून त्याला बाहेर आणलं. उत्तमराव आणखी दोन दिवसांनी सुटला. त्याच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत.

अमृतरावाचा जलदान विधी झाला त्या दिवशी पाहुणे निघून गेल्यावर जळबा बहिणीपुढं बसला. तिनं ऐकून घेतलं.

"इकणाऱ्यानं सांगितलं व्हतं?"

"व्हय."

"मंग काहून काढली रे, दादा?"

"आवाज येत व्हता."

मालन रडली नाही. लेकराला कडेवर घेऊन उठली. "दुसरा कुणी तुझं खरं मानो न मानो, मी मानते," ती म्हणाली. "आता माझ्या दारात येऊ नको."

जळबानं वाजवणं सोडलं. गावी राहून तो मजुरी करायला लागला, हळदीच्या मोसमात खणायला जायचा. एकदा तो उत्तमरावाच्या घरी गेला होता. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, पण त्यानंतर दरसाल उत्तमरावाचं हळदीचं वावर तो मजुरी न घेता खणून द्यायचा. उत्तमराव बांधावर बसून असायचा.

एकोणऐंशी साली मालननं बिऱ्हाड हलवलं. कुठं गेली हे तिनं भावाला कळू दिलं नाही. मला ठाऊक होतं, तिचं सामान एस.टी.वर मीच चढवलं होतं. त्यानंतर जळबाची नि माझी पुष्कळदा गाठ पडली. ती कुठं आहे, हे त्यानं मला कधी विचारलं नाही.