फुलसावंगीपर्यंत, ब्रेकलाइटशिवाय

यवतमाळ सोडलं तेव्हा सकाळचं ऊन अंगावर यायला लागलं होतं. नाशिकहून इथवर मोटारसायकल मीच चालवत आणली होती. माझा नवरा शरद मागे बसला होता. त्याचा खांदा निखळून गेल्यापासून हँडल धरणं त्याला जमत नाही. गाडीला दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या आणि मागे कॅरियरवर एक मोठी पेटी होती. त्यांत मी शिवलेली जाकिटं, हातमोजे, गॉगल आणि तोंडावरचे मास्क भरले होते.

नाशिकला माझा रेनकोट शिवायचा छोटा कारखाना आहे. माझी शाळेतली मैत्रीण वैशाली फुलसावंगीच्या दवाखान्यात नर्स आहे. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळीच्या भीतीनं लोक फवाऱ्यावर फवारे मारत होते. फवारणाऱ्याच्या तोंडावरच औषध येई. वैशालीचा रोज फोन येई, "अगं, आज पुन्हा फवारणीची विषबाधा झालेले दोघं आले. तुझ्याकडे रेनकोटचं कापड आहे ना? काहीतरी शिव." मी शिवलं. बायकांच्या गटाला ते नमुने दाखवायचे म्हणून हा प्रवास.

आर्णीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. समोरून येणाऱ्या ट्रकला वाट द्यायला मी गाडी कडेला घेतली आणि मागचं चाक खड्ड्यात आपटलं. काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. उतरून पाहिलं तर मागच्या पेटीखालची पट्टी मोडली होती, पेटी तिरपी होऊन मागच्या दिव्यावर बसली होती. दिव्याची काच, बल्ब, होल्डर, सगळ्याचा चुरा. उजव्या पेटीची कडीही निघाली होती आणि झाकण उघडं पडलं होतं.

शरदनं पट्ट्यानं पेटी आवळली. तो म्हणाला, "महागावपर्यंत हळू घे. मागून कोणी आलं तर मी हात दाखवतो." तेवढं अंतर मी रस्त्यापेक्षा आरशातच जास्त पाहिलं. सोयाबीनच्या पोत्यांचे ट्रक मागून अगदी अंगावर येत आणि हॉर्न मारून निघून जात.

महागावात गाड्यांची वायरिंग करणारं एक दुकान सापडलं. दुकानदार रफीकभाई म्हणजे गप्पिष्ट माणूस. आधी त्यांनी आम्हाला चहा पाजला, मग गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "या गाडीचा मागचा लाइट इथं भेटनार नाई. यवतमाळले जा, नाईतर मी ट्रालीचे लाइट लावून देतो." ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असतात तसे दोन गोल लाल दिवे त्यांनी बाजूच्या पेट्यांना मागून ठोकले. मागच्या पेटीखाली लोखंडी पट्टी आली, निघालेल्या कडीच्या जागी स्कूटरच्या डिक्कीची कडी बसली.

वायरिंग मात्र पहिल्या खेपेला फसलं. पेटी बंद करताना वायर झाकणात चेंगरली आणि ब्रेक दाबताच फ्यूज उडाला. रफीकभाईंनी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या, पेटीला भोक पाडून वायर बाहेरून घेतली आणि पिळून टेप गुंडाळली.

"मध्ये प्लग टाका ना," मी म्हटलं. "पेट्या काढता यायला हव्यात."

"पेट्या काढताच कायले, ताई? आता पक्कं झालं."

मी ब्रेक दाबला. दोन्ही दिवे लालभडक पेटले.

फुलसावंगीचा फाटा घेतल्यावर रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडं) इतकी उंच, की शेतात माणूस असला तर दिसू नये. हवेत औषधाचा उग्र, लसणासारखा वास होता. एका वळणावर एक बाई अचानक रस्त्यावर आली. मी करकचून ब्रेक दाबला.

"ताई, थांबा वो! ह्याईले काई दिसून नाई राह्यलं!"

तिचा नवरा बांधावर बसला होता, पाठीवरचा पंप बाजूला पडलेला. सदरा औषधानं ओलाचिंब. तोंडातून लाळ गळत होती, घाम थांबत नव्हता. वय तिशीच्या आतबाहेर. ती रेखा आणि तो विनोद, हे मला तिनं सांगितलेल्या तुटक वाक्यांतून कळलं. घरची मोटारसायकल दीर घेऊन गेला होता, शेजारच्या शेतातल्या अशाच एकाला यवतमाळला पोचवायला.

शरदनं रुग्णवाहिकेला फोन लावला. ती दुसऱ्या गावी गेलेली. मी एका ट्रकला हात केला, त्यानं वेगही कमी केला नाही. मग वैशालीला फोन केला.

"कपडे काढा त्याचे," ती म्हणाली. "हातमोजे घालून. भरपूर पाण्यानं अंग धुवा. तोंडातून काही देऊ नका. आणि मीना, वाट बघत बसू नकोस. आण त्याला."

विहिरीच्या पाइपाखाली आम्ही त्याला धुतलं आणि पेटीतलं एक कोरं जाकीट चढवलं. त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तो सारखा म्हणत होता, "अंधार काहून पडला?" ऊन अगदी डोक्यावर होतं.

गाडीवर तिघं बसायची तर पेट्या काढायला हव्या होत्या. मागची पेटी असताना तिसऱ्याला जागा नव्हती आणि बाजूच्या पेट्यांमुळे पाय टेकायला. मी बोल्ट सोडवले. रफीकभाईंची वायर मात्र सुटेना. मी ती दातानं धरून ओढली, मग कात्रीनं कापली. दोन्ही लाल दिवे पेट्यांबरोबर बांधावर राहिले, शरदही राहिला.

विनोदला मध्ये बसवून रेखानं उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेल्या ओढणीनं माझ्या कमरेशी बांधलं. रेखा शेवटी बसली. तिनं लाल लुगड्याचा पदर सोडून हातात घेतला.

"माझ्या गाडीला मागे दिवा नाही," मी तिला सांगितलं. "मी 'ब्रेक' ओरडले की पदर वर धरायचा. एका हातानं त्यांना धरा."

"धरतो, ताई. चाला तुमी जल्दी."

तो रस्ता मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. विनोदचं डोकं माझ्या खांद्यावर आपटत होतं आणि त्याची लाळ माझ्या मानेवरून उतरत होती. गुरांचा कळप आडवा आला. मी ओरडले, "ब्रेक!" मागून टायर घासल्याचा आवाज आला. आरशात फक्त लाल कापड फडफडत होतं आणि त्यामागे ट्रकचं तोंड. ट्रक थांबला. पुढच्या वळणावर पुन्हा "ब्रेक!", मग पुलावर. तेवढ्यात विनोदचं बोलणं बंद झालं.

"श्वास चालू आहे का?" मी विचारलं.

वाऱ्यात तिला ते ऐकू गेलं नाही.

"रेखाताई! श्वास!"

"हाये! हाये वो! पन घरघर करून राह्यले!"

मी वेग वाढवला. वाढवायला नको होता हे मला माहीत होतं.

वैशाली दवाखान्याच्या दारातच उभी होती. दवाखान्यातल्या दोघांनी विनोदला माझ्यापासून सोडवून आत नेलं. ओढणी माझ्या कमरेला तशीच लोंबत राहिली. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन सुरू केलं, एकामागून एक. बाकावर रेखा माझ्या शेजारी बसली. तिचा पदर वर धरलेला हात आखडला होता, तो खालीच येईना. मी तिचा दंड चोळत राहिले. संध्याकाळी वैशाली बाहेर येऊन म्हणाली, "छाती मोकळी होतेय. यवतमाळला पाठवतोय, पण आता पोचेल तो." तेव्हा रेखा रडली.

शरद अंधार पडायच्या बेताला एका बैलगाडीवर पेट्या लादून आला. रेखाच्या सासूनं त्याच्याबरोबर भाकरी, ठेचा आणि बरबटी (चवळी) पाठवली होती. मानेवर लाळ लागलेल्या जागी कातडी जळत होती. वैशालीनं मला साबणानं पुन्हा पुन्हा धुवायला लावलं आणि रात्रभर माझ्या बाहुल्या तपासल्या.

दुसऱ्या दिवशी बायकांचा गट ठरल्याप्रमाणे जमला. मी जाकिटं मांडली. एका वयस्क बाईंनी एक अंगात घातलं, अंगणात एक चक्कर मारली आणि काढून माझ्या हातात दिलं.

"चांगलं हाये, पोरी. पन यात मानूस औषधानं नाई, गरमीनं मरते. घालीन कोन?"

मी वाद घातला नाही. माझं कापड पावसासाठी होतं, या उन्हासाठी नव्हतं. गॉगल आणि मास्क तेवढे त्यांनी ठेवून घेतले. मी त्यांची मापं घेतली, कुठे हवा हवी आणि पंपाचा पट्टा कुठे घासतो ते विचारलं. परतताना यवतमाळच्या इस्पितळात विनोदला खिडकीतून पाहिलं. तो शुद्धीवर होता. मग नाशिकचा रस्ता धरला.

घरी आल्यावर पहिले काही दिवस मी पाठीवर जाळी असलेला नवा नमुना कापत होते. दोन फसले. तिसरा टेबलावर असताना रेखाचा फोन आला. विनोद घरी आला होता. नजर परत आली होती, पण उभं राहिलं की पाय थरथरत.

"बरं झालं," मी म्हटलं. "आता त्यांना शेतात जाऊ देऊ नका."

"ते कुठं जातात, ताई. पन पऱ्हाटीवर अळी हाये. या हप्त्यात फवारा मारा लागते."

"कोण मारणार?"

"मीच. अजून कोन?"

मी म्हटलं, नवं जाकीट होतंय, थोडं थांबा. ती रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "किती थांबू, ते सांगा." फोन कानाशी तसाच धरून मी दुसऱ्या हातानं कात्री उचलली.