सात ‘निल’ नमुने

सातव्या नमुन्यापुढेही मी ‘निल’ लिहिलं आणि सरांना फोन केला.

“सर, सातही नमुन्यांत सोनं नाही.”

“पण फील्डवर भिंगातून कण दिसले होते ना, मॅडम?”

“माझ्या पॅनमध्ये नाही दिसत.”

“मग तो नाला सोडून देऊ. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवा.”

मी भूवैज्ञानिक आहे. हिंगण्याच्या बाजूला आमच्या कंपनीची सॅम्पल शेड आहे. नाल्यातल्या वाळूतली हलकी माती धुऊन काढली की खाली जड काळी वाळू उरते. तिला कॉन्सन्ट्रेट म्हणतात. ती पसरट पॅनमध्ये पाण्यासोबत हलवत राहायची. सोनं काळ्या वाळूहून कितीतरी जड, त्यामुळे ते तळाशी राहतं. पुस्तकात एवढंच आहे.

पूर्वी हे काम श्यामराव करायचे. ते मागच्या वर्षी रिटायर झाले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही, म्हणून त्यांच्या स्टुलावर मी बसायला लागले. ऑफिस पलीकडच्या इमारतीत. शेडमध्ये दिवसभर कोणी फिरकत नसे. डबा एकटीनं खायचा. नवरा गेल्यापासून धरमपेठेतल्या घरीही बोलायला कोणी नव्हतं. कधीकधी दिवसातला माझा पहिला शब्द दुपारी फोनवर निघायचा, तोही घोगरा.

रिपोर्ट टाइप करायला हात उठेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, सातव्या नमुन्यातलं उरलेलं कॉन्सन्ट्रेट, पॅन आणि चुंबक पिशवीत घेतलं आणि एसटीनं खाप्याला श्यामरावांकडे गेले.

ते अंगणात एकटेच बसले होते. मला पाहून घाईनं शर्ट घालून आले. अकरा वर्षं मी त्यांच्यासमोर नमुने ठेवले होते. घरी कोण असतं, हे कधी विचारलं नव्हतं. बायको दोन वर्षांपूर्वी वारली, हे त्या दिवशी कळलं. म्हणजे तेव्हा ते आमच्याकडेच कामाला होते. काही दिवस रजेवर होते, एवढंच मला आठवलं.

सातही नमुने ‘निल’ आल्याचं सांगितल्यावर “करून दाखवा,” ते म्हणाले.

मी चुंबक फिरवून लोहाची काळी वाळू उचलायला लागले.

“थांबा! चुंबक काहून आधी लावलं?”

“वाळू लवकर कमी होते म्हणून.”

“ते झुबक्यानं उचलते, मॅडम. त्या झुबक्यात बारीक सोनं अडकून जाते.”

त्यांनी वाळू आधी चाळली. जाड वेगळी, बारीक वेगळी. मग पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला.

“पिठासारखं सोनं पान्यावर तरंगते. साबनानं खाली बसते. हाताले तेल असन, त मंग विचारूच नका.”

पाण्यानं हात फुटतात म्हणून मी रोज सकाळी क्रीम लावत होते.

पॅनमध्ये जेमतेम पाणी ठेवून ते तळव्यानं कड हलकेच ठोकत राहिले. काळी वाळू हळूहळू पुढे सरकली. मागे पिवळी रेघ उरली, भुवईच्या केसाएवढी.

“हे आधी का नाही सांगितलं, श्यामराव?”

“तीस वर्षं त्या स्टुलावर बसलो. कसं करता म्हनून मले कोनी विचारलंच नाही.”

ते मला स्टँडपर्यंत सोडायला आले. तिथे सोन्याचं नाव निघालं नाही. बायकोबद्दल बोलत राहिले. मी दोन बस जाऊ दिल्या.

शेडमध्ये चुंबकानं काढलेली वाळू नियमाप्रमाणे पाकिटांत जपलेली होती. ती सगळी पुन्हा धुतली. तरंगून नालीत गेलेलं सोनं काही परत येणार नव्हतं, तरी पाच नमुन्यांत कण निघाले. मी सरांना फोन केला.

“सर, चूक माझी आहे. माझ्या पद्धतीमुळे सोनं निसटत होतं.”

“लेखी द्या,” ते म्हणाले.

दिलं. नाला यादीत राहिला. सोनं खाणीपुरतं आहे का, ते पुढच्या तपासणीत कळेल. श्यामरावांना शिकवायला बोलवू या, असंही मी सुचवलं. “बघू,” म्हणाले. अजून बघताहेत. शेडमध्ये मी अजून एकटीच असते.

एवढं मात्र शिकले. माणूस रिटायर होताना आपण शाल-श्रीफळ देतो. त्याआधी त्याला एकदा काम करून दाखवायला सांगावं. आणि घरी कोण असतं, हे त्याच्याही कितीतरी आधी विचारावं.