मास्तरांचं खोडलेलं नाव

रामोन साहेब गेल्याची बातमी मला दोह्यातल्या अल नस्र भागात, पेट्रोल पंपावर कळली. ऑफिसातल्या क्लार्कने फोनवर हिंदीत सांगितलं, माद्रिदला घरीच गेले, हार्ट अटॅक. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या, पंपावरचा माणूस 'यल्ला, यल्ला', चल पुढे, करत होता, आणि मी आपला तसाच बसून... त्याला आता दीड महिना झाला.

मी संगमेश्वर तालुक्यातला, दोह्यात चौदा वर्षं गाडी चालवतो. साहेब स्पेनमध्ये कधीकाळी मंत्री होते, पुढे वकिलातींमध्ये मुरलेले. लढाई पेटली आणि दोन्हीकडचे कैदी सोडवायच्या बोलणीसाठी ते इथे आले, तेव्हापासून मी त्यांचा ड्रायव्हर. वेस्ट बेच्या हॉटेलात बोलणी चालायची, मी खाली पार्किंगमध्ये ताटकळायचो. माणूस हट्टी, जेवणाची शुद्ध नाही. मी डब्यातली भाकरी पुढे केली की निमूट खायचे, वर कोरडी आहे म्हणून नावं ठेवायचे.

एका दुपारी गाडीत बसल्यावर त्यांनी मला सांगितलं. समोरच्यांनी ऐनवेळी सुटणाऱ्या कैद्यांच्या यादीतला एक माणूस कमी करायला सांगितला होता, नाहीतर सगळंच फिसकटणार होतं. यादीत बहुतेक आजारी. साहेबांनी एका शाळामास्तरांचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं होतं. "तब्येतीने ठणठणीत आहे, महादेव. पुढच्या यादीत पहिला तोच." बाकीचे सुटले, टीव्हीवर दिसले. चौथ्या दिवशी लढाई पुन्हा सुरू झाली आणि पुढची यादी झालीच नाही. मास्तरांचं काय झालं, आजतागायत कुणाला ठाऊक नाही.

मास्तरांची मुलगी दर शुक्रवारी साहेबांना फोन करायची. गाडीच्या स्पीकरवर मला सगळं ऐकू यायचं. "काही कळलं का?" "प्रयत्न चालू आहेत." नाव कुणी खोडलं ते मात्र त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही. मला संताप यायचा. एकदा न राहवून बोललो, "साहेब, एकदाचं सांगून टाका. तिचा हक्क आहे तो." त्यांनी नकारार्थी मान हलवली. मला ते भित्रे वाटले, खोटं कशाला बोलू. सुट्टीवर स्पेनला निघाले तेव्हा, "मी फोन उचलला नाही तर महादेवला लाव," असं सांगून त्यांनी तिला माझा नंबर दिला.

साहेब वारल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी तिचा मला फोन आला, बातमी तिलाही कळली होती. रडत होती. इंग्रजीत म्हणाली, "माझ्या वडिलांसाठी त्यांनी करता येईल ते सगळं केलं ना?" जे तिला सांगून टाका असं मी साहेबांना म्हणालो होतो, ते सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं... "येस, मॅडम," मी म्हणालो, "सगळं केलं."

अजूनही दर शुक्रवारी तिचा फोन येतो. फरीज बिन ओमरान भागात एका दुकानासमोर गाडी बाजूला घेऊन मी तो उचलतो. काही कळलं का, ती विचारते. मी गाडी चालवणारा माणूस, मी कसले प्रयत्न करणार... पण प्रयत्न चालू आहेत, असंच मी तिला सांगतो.