मोठीआईच्या तसबिरीतलं जपानी कार्ड

मी सातवीत असताना सौंदडच्या आमच्या विहारात जपानहून पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एका मुलीनं निघताना माझ्या हातात कार्डांची एक जुडी ठेवली. प्रत्येक कार्डावर एक विचित्र प्राणी, खाली जपानी अक्षरं. ही खेळायची कार्डं आहेत, एवढं तिनं खुणांनी सांगितलं. पुढची दोन वर्षं तिची पाकिटं विहारात येत राहिली आणि मी कार्डं जमवत गेले. वाचता येत नव्हतं, म्हणून अक्षरांच्या आकारावरून गठ्ठे लावायची.

बाबा रेल्वेत गँगमन होते. "दहावी जवळ आली अन् तू चित्रं जमवून राहिली," असं म्हणून एकदा त्यांनी सगळी चुलीत टाकायची धमकी दिली. त्याच दिवशी दुपारी शेजारच्या घरातली मोठीआई, म्हणजे बाबांची विधवा वहिनी, माझ्याजवळ येऊन बसली. डोळे मिटून बसलेल्या एका गुलाबी प्राण्याचं कार्ड तिनं उचललं.

"याच्यावर का लिवलं आहे व?"

कार्डं वाचवायची होती म्हणून असेल, नाहीतर तिनं ते दोन्ही हातांत धरलं होतं म्हणून असेल, मी म्हणाले, "भगवंताचं वचन आहे. यानं दुःख जाते म्हणते."

तिनं ते कपाळाला लावलं. दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीतल्या बुद्धाच्या तसबिरीत, काचेच्या कडेला ते खोचलेलं दिसलं. मला मजा वाटली. खोटं कशाला सांगू?

त्या वर्षी भाताच्या रोवणीत तिच्या पायाला काहीतरी लागलं. तिला शुगर होती. जखम भरेना. बाबांनी गोंदियाला दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणाली, "आराम पडून राहिला." मी डबा द्यायला गेले तेव्हा पायाची चिंधी ती बदलत होती. कार्ड तसबिरीतून काढून तिनं चिंधीच्या आत, जखमेच्या वर ठेवलं होतं.

"हे आहे ना मायाजवळ," ती म्हणाली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आमच्या घरात गंडा, ताईत काही चालत नसे. माझ्या मामीनं गळ्यात बांधलेला काळा दोरा बाबांनी पाहुण्यांसमोर तोडला होता. त्याच घरात मीच असलं काही आणलं, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? आठ दिवस गप्प राहिले. मग तिच्या खोलीत वास येऊ लागला.

बाबा ड्युटीवरून आले, बूट धूत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात उचलला नाही. बूट तसेच ओले टाकून ते तिच्या दारात गेले. "वहिनी, उद्या सकाळच्या गाडीनं गोंदियाले जाऊन राहिलो आपण," एवढंच म्हणाले.

पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर चिडून म्हणाले, "पहले क्यों नहीं लाए?" बाबा फरशीकडे बघत राहिले, माझ्याकडे बघितलंच नाही.

ती घरी आल्यावर मी तिच्या खाटेजवळ बसले. "मोठीआई, मी खोटं बोलली. मले वाचता येत नाही ते. खेळाचं कार्ड आहे."

तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. "तं मंग काऊन सांगितलं?"

तिनं उशीखालून कार्ड काढून माझ्याकडे सरकवलं. "घेऊन जा."

विहारात आलेलं पुढचं पाकीट मी घेतलं नाही. त्या मुलीला का नको ते कळवलंही नाही.

लग्न होऊन गोंदियात आल्यावर, मोबाईलवर बघून बघून मी ती अक्षरं शिकले. गुलाबी प्राण्याच्या कार्डावर त्याचं नाव होतं, उंची, वजन आणि तो दिवसभर झोपतो अशी एक ओळ. बाबांना फोन करून सांगितलं. "आता कायले वाचून राहिली ते?" ते म्हणाले.

मागे मोठीआई डोळ्याच्या ऑपरेशनला आली, चार दिवस माझ्याकडे राहिली. माझ्या हातची भाजी-भाकरी खाल्ली, माझ्या मुलाला मांडीवर घेतलं. दवाखान्यातून आलो तेव्हा औषधांची चिठ्ठी माझ्या हातात होती. तिनं ती हळूच काढून घेतली आणि माझ्या नवऱ्याला दिली.

"जावई, तुमी वाचा."