ताईचं शेवटचं रेकॉर्डिंग

पन्नाशीला आली, केस पांढरे झाले, तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला आणि या वयात तिला उपयोजित भाषाविज्ञानात एम. ए. करायची हुक्की आली. वर्गात सगळी लेकीच्या वयाची मुलं. आता शिकून कुठे दिवे लावणार आहेस, असं नवऱ्यानं विचारून पाहिलं. तिनं ऐकलं नाही. हट्टी होती, आणि हट्टी माणसं मला आवडतात.

मोठ्या वयात इंग्रजी शिकणारं माणूस बोलताना कुठे अडतं आणि अडल्यावर काय करतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. असं माणूस घरचंच होतं. तिच्या थोरल्या बहिणीला, ताईला, परदेशात वाढणाऱ्या नातवाशी फोनवर बोलायचं होतं. दर रविवारी ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघींच्या मध्ये रेकॉर्डर ठेवलेला असे. तो चालू असेपर्यंत मराठी बंद. ताई अडली तरी धाकटीनं शब्द पुरवायचा नाही, नुसती वाट बघायची. ताई हातवारे करी, पोट धरून हसे, आणि अगदीच जमेना की "मेलं तुझं इंग्रजी" असं पुटपुटे. मग धाकटी टेबलावर बोटानं टकटक करी. म्हणजे, इंग्रजीत बोल.

एका सोमवारी पहाटे ताई झोपेतच गेली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

मार्गदर्शक बाई समजूतदार होत्या. दुसरं कुणी शोधा, मुदत वाढवून घेऊ, म्हणाल्या. धाकटीनं नकारार्थी मान हलवली आणि घरी येऊन कानांना हेडफोन लावले. हे काम मोठं वाईट. बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवायचं, खाकरणं, थांबणं, श्वाससुद्धा. एकेक वाक्य मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकायचं. गेलेलं माणूस दिवसभर कानात श्वास घेत राहतं. हेडफोन काढले तरी ताई जात नसे. भर दुपारी भांडी घासताना ती पाठीमागे खाकरे. धाकटी वळून बघे आणि मग स्वतःवरच चिडे. कागदावर ताईचं नावही घालायचं नव्हतं. तिथे ती फक्त 'वक्ता दोन'.

शेवटचं रेकॉर्डिंग, ताई गेली त्याच्या आदल्या दिवशीचं, तिनं मागे ठेवलं होतं. काहीतरी अंधुक आठवत होतं, म्हणूनच ठेवलं होतं. मग एकदाचं ते लावलं. नातवाच्या सायकलीबद्दल बोलता बोलता ताई थांबली आणि मराठीत म्हणाली, "अगं, छातीत कसंतरी होतंय." लगेच टेबलावर टकटक. ताई जराशी हसली, शब्द शोधू लागली. बराच वेळ नुसता श्वास. शेवटी "नथिंग" म्हणाली आणि पुन्हा सायकलीकडे वळली.

तिचा आवाज एकदा ऐकव, असा ताईच्या नवऱ्याचा, भावोजींचा, रोज फोन येई. धाकटी आज-उद्या करत होती. पुसून टाकायला निमित्तही आयतं होतं. काम संपलं की रेकॉर्डिंग नष्ट करायचं, हा विद्यापीठाचाच नियम. कुणाला काही कळलं नसतं. तिनं बटणापर्यंत बोट नेलंही. पण हे पुसलं तर ताई आपल्या पाठीमागून कधीच हलणार नाही, या विचारानं तिची गाळण उडाली. तिनं भावोजींना बोलावून घेतलं.

ते आले, टेबलाशी बसले. हेडफोन देताना तिनं सांगून टाकलं, "मी तिला बोलू दिलं नाही, भावोजी. ऐका, आणि मग मला काय बोलायचं ते बोला."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून मांडीवर धरले.

"त्या रात्री तिनं मलाही हेच सांगितलं," ते म्हणाले. "चांगलं मराठीत सांगितलं. मी म्हटलं, गॅस झाला असेल, झोप."

धाकटी त्यांच्या शेजारी खाली बसली. भावोजींनी हेडफोन पुन्हा कानांना लावले आणि हातानंच खूण केली. तिनं रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.