सूर्यमाळवर एक जपानी गाणं टेप करताना

टोकियोच्या रेडिओवाल्यांचं पत्र आलं: शनिवारी संध्याकाळी पावणेसहाला सुरू होणाऱ्या फर्माइशींच्या कार्यक्रमात माझं गाणं लावणार. आनंद क्षणभर झाला. मग धास्तीच बसली. हुकलं तर?

सहा वर्षांपूर्वी शॉर्टवेव्हवर ते अर्धंच ऐकलं होतं. एक मुलगी फलाटावर कुणाची तरी वाट पाहतेय, एवढं कळलं. (जपानी मी रद्दीतल्या एका पुस्तकावरून शिकलो, क्लासबिस नाही.) दुसऱ्या कडव्याआधी ती श्वास घेते, आणि नेमका तिथेच आवाज बुडाला. गाण्याचं नाव ठाऊक नाही, मग सीडी मागणार कशी? शेवटी कानावर पडलेल्या दोन ओळी लिहून धाडल्या होत्या.

ठाण्यात घरोघरच्या ट्यूबलाइट आणि टीव्हीची खरखर. म्हणून मोखाड्याचं सूर्यमाळ निवडलं: उंच आणि विजेच्या तारांपासून लांब. तिथले एक गुरुजी ओळखीचे निघाले.

जाणार असाल तर ठाण्याहून सकाळची पहिली जव्हार एसटी घ्या. जव्हारला वडापाव खाऊन घ्या, पाणी भरून घ्या. एप्रिलात वर पाण्याची टंचाई असते. मोखाड्यापर्यंत एसटी, पुढे खोडाळ्यावरून सूर्यमाळला जीप, आणि ती भरल्याशिवाय सुटत नाही. माझा नंबर तेरावा. वळणावळणाला रेडिओ छातीशी धरून मी डोळे मिटत होतो.

"काका, डोळं नका मिटू," ड्रायव्हर म्हणाला. "तुमचं बघून माझंपण मिटतील."

सगळी जीप हसली. मी सोडून.

गुरुजींच्या खोलीवर नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. चार वाजता एरियल बांधायला निघालो. एरियलची तार अंदाजाने टाकणारे लोक मला पाहवत नाहीत. मी टेप घेऊन मोजलं: वीस मीटर, दोन टोकांना खुंट्या, मधे दर पाच मीटरला चुन्याची खूण. जागा मोकळी होती, पेरणीआधी पालापाचोळ्याचा राब जाळून काळी झालेली. आकडे वहीत लिहिले. पश्चिमेला ढग जमत होते. वीज कडाडली तर सगळी खरखरच टेप होणार, म्हणून मी घाई करत होतो.

वर पाहिलं तर बांधावर सात-आठ माणसं उभी. दोघांच्या हातात कोयते. मी दोन पावलं मागे सरकलो.

"काय मोजतो?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"तार. रेडिओची."

"रेडिओला चुना लागतो?"

"कोणी धाडला तुला?" डोक्यावर रिकामा हंडा घेतलेली एक बाई पुढे आली. "आमची जागा हाय ही. सासऱ्याच्या येळेपासून राब करतो."

गुरुजी धावत आले. "पाहुणे आहेत माझे, सोनीबाई. गाणं ऐकायला आलेत." मग मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, जंगलातली जमीन यांची, कागद नाही. टेप, चुना, वही दिसली की यांना वाटतं मोजणी आली, आता जमीन गेली. मला विचारायचं तरी!"

कोयते लाकडं तोडून परतणाऱ्यांचे होते. माझ्यापेक्षा तीच माणसं जास्त घाबरली होती. मोजणी नाही हे समजावून सांगायला हवं होतं. पण पावणेसहाला तीन मिनिटं कमी होती. मी रेडिओ लावला.

तिसरंच गाणं माझं. आवाज आरशासारखा स्वच्छ. मी रेकॉर्डचं बटण दाबलं. माणसं जवळ सरकली, कुणीतरी खुदकन हसलंही. पहिलं कडवं संपलं, मुलीने श्वास घेतला, आणि सोनीबाई माझ्याशेजारी वाकून म्हणाली, "भाऊ, मोजणी नाय ना?"

मी तोंडावर बोट ठेवलं.

गाणं संपेपर्यंत मान वर केली नाही. केली तेव्हा ती हंडा घेऊन उताराला लागली होती. गुरुजी म्हणाले, "मी सांगेन तिला." मी खुंट्या उपटल्या, चुना पायाने पुसला. तो नीट पुसला जात नाही.

घरी येऊन पाच महिने झाले. गाणं पूर्ण मिळालं, चार मिनिटं अकरा सेकंद. शेवटच्या कडव्यात त्या मुलीची गाडी येते, हे आता मला माहीत आहे. मित्रांना ऐकवतो तेव्हा सगळे विचारतात, मधे ती बाई काय म्हणते? मी सांगतो. मग ते विचारतात, तुम्ही काय उत्तर दिलंत? टेपवर तिथे फक्त दुसरं कडवं सुरू होतं.