बर्फ चघळणारी गोलकीपर

"सात पॉइंट एक." डॉक्टरबाईंनी रिपोर्टावरच्या हिमोग्लोबिनच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि सुकन्येची खालची पापणी पुन्हा ओढून पाहिली. "ही मुलगी हॉकी खेळते म्हणता? हिला जिना चढताना धाप लागत असणार, अम्मा."

सुकन्या माझी एकुलती एक, सोळा वर्षांची. मुलींच्या आइस हॉकीच्या राज्य संघात गोलकीपर म्हणून नुकतीच तिची निवड झाली होती. जानेवारीत हिमालयात अठरा वर्षांखालच्या मुलींची राष्ट्रीय स्पर्धा होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आकडा अकराच्या खाली असेल तर फिटनेसच्या कागदावर मी सही करणार नाही. तिकडे उंचावर हवाच विरळ. आजपासून खेळ बंद."

सुकन्येने एवढंच विचारलं, "जानेवारीपर्यंत अकरा होतील का?"

"होऊ शकतील. गोळ्या नीट घ्यायच्या."

तो 'नीट' माझ्या एका कानातून शिरला आणि दुसऱ्यातून गेला. त्याची किंमत पुढे मोजली.

ज्यांच्या घरी वाढत्या वयाची मुलगी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी तंजावरची. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि देवनागरी शिकले ती चाळिशीत. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आजाराचं नाव आयर्न डेफिशियन्सी ॲनिमिया. म्हणजे शरीरातलं लोह संपत जातं आणि रक्त फिकं पडतं. प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. फेरिटिन म्हणून आणखी एक तपासणी झाली. शरीराच्या कोठारात लोह किती शिल्लक आहे ते तिच्यातून कळतं. सुकन्येचं कोठार रिकामं होतं. भात पिकवणाऱ्या आमच्या गावात रिकामं कोठार म्हणजे काय, ते कोणी समजावून सांगावं लागत नाही.

"पाळी किती दिवस असते?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "आठ-नऊ," सुकन्या जमिनीकडे बघत म्हणाली. मी लगेच मध्ये तोंड घातलं, "आमच्याकडे सगळ्यांचं असंच असतं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सगळ्यांचं असतं म्हणून ते बरोबर होत नाही, अम्मा."

खरं सांगायचं तर लक्षणं आम्ही बघितली होती. नवरात्र संपल्यावर कोलूच्या, म्हणजे नवरात्रात घरी मांडायच्या, बाहुल्या माळ्यावर ठेवताना ही मुलगी जिन्याच्या मधल्याच पायरीवर खोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, आळस. आणि तो बर्फ! तंजावरात बर्फ कुठला? इथे मुली चाकांच्या स्केट्सवर, सिमेंटच्या रिंकवर शिकतात. खरा बर्फ तिने दोन शिबिरांत पाहिलेला, एरवी रोझमिल्कच्या ग्लासात. पण गेले चार महिने फ्रीजमधला ट्रे रिकामा करून ती बर्फ कडाकडा चावायची. तिचे अप्पा म्हणायचे, "ही खेळायला जाईपर्यंत तिथे बर्फ उरणार नाही." आम्ही पोट धरून हसायचो.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "ह्याला पायका म्हणतात. लोह कमी पडलं की भलतंच काही खायची ओढ लागते. कोणाला बर्फ, कोणाला माती, कोणाला कच्चे तांदूळ. घरात आणखी कोणाला आहे?"

"नाही," मी म्हटलं.

चक्क खोटं बोलले. तांदूळ निवडता निवडता मूठभर तोंडात टाकायची माझी सवय लग्नाआधीपासूनची. तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या शाळेत गणित शिकवते, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचल्यावर पाच मिनिटं फळा पुसायचं नाटक करत श्वास घेते. पण एका घरातून दोन रोगी कशाला उभे करायचे, असं वाटलं. सुकन्येने एकदा माझ्याकडे पाहिलं.

गोळ्या सुरू झाल्या. तोंडात गंजाची चव राहते, म्हणून मी रोज सकाळी गोळी कॉफीबरोबर द्यायचे. आमच्या घरात पहिल्या डिकॉक्शनची, फिल्टरमधून उतरलेल्या पहिल्या दाट अर्काची, कॉफी म्हणजे अर्धं औषधच. ताप आला तरी कॉफी, परीक्षा असली तरी कॉफी. डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी-पेल्यात, फेस काढून, वर गोळी ठेवून मी स्वतः तिच्या हातात द्यायचे. एक दिवस चुकवला नाही.

खेळ बंद होता, पण रिंकवर जाणं तिने बंद केलं नाही. रोज संध्याकाळी जाळीच्या मागे प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची. तिच्या जागी काव्या नावाची पंधरा वर्षांची मुलगी उभी राहायची. सुकन्या मागून तिला सांगायची, "मारणारीच्या काठीकडे बघू नको. मारायच्या आधी ती खांदा टाकते, तो बघ." सुकन्या गेली नाही तर तीच काव्या जाणार होती. मला राहवलं नाही. "अगे, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"गोल तर राखायलाच हवा ना, आई. कोणी का राखेना."

माझ्या पोटची पोर, पण हे शहाणपण तिने माझ्याकडून घेतलेलं नव्हतं.

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणीला रक्त दिलं. लॅबच्या बाकावर आम्ही दोघी हातात हात घेऊन बसलो होतो. आकडा आला सात पॉइंट चार. सहा आठवड्यांत जेमतेम पॉइंट तीन चढलं होतं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेते?"

"कॉफीबरोबर," मी अभिमानाने सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, कॉफी लोहाला पोटातच अडवते. गोळी गेली, पण अंगाला लागलीच नाही. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास कॉफी नाही, चहा नाही. लिंबाचं पाणी चालेल."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सहा आठवडे मीच माझ्या मुलीच्या वाटेत उभी होते. तेवढ्यात सुकन्या म्हणाली, "मीच मागायची कॉफी." तिने एकदाही मागितली नव्हती. मला वाचवायला पोर खोटं बोलली. रिक्षात बसल्यावर मी रडले.

आता गोळ्यांवर भागणार नव्हतं. आयर्न सुक्रोज, म्हणजे शिरेतून थेंब थेंब दिलं जाणारं लोह, एक दिवसाआड पाच वेळा दिलं. पाळीसाठी वेगळं औषध सुरू झालं. बाटली टांगलेली असताना ती दुसऱ्या हाताने मोबाइलवर गोलकीपरांचे व्हिडिओ बघायची. दुसऱ्या आठवड्यानंतर फ्रीजमधला बर्फाचा ट्रे भरलेलाच राहू लागला. त्या ट्रेकडे बघून मला देवाला हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडलेही.

जानेवारीच्या सुरुवातीला आकडा आला अकरा पॉइंट दोन. डॉक्टरबाईंनी सही केली. "लवकर दमशील, मध्ये मध्ये बाहेर बसायचं," त्यांनी बजावलं. संघाने शेवटी दोन्ही गोलकीपर घेतल्या, सुकन्या आणि काव्या दोघी गेल्या.

पहिला सामना मी मोबाइलवर पाहिला. समोरच्या मुली बर्फातच वाढलेल्या. नऊ गोल झाले. प्रत्येक गोलानंतर सुकन्या उठायची, काठीने दोन्ही खांबांवर टकटक करायची आणि पुन्हा वाकून उभी राहायची. नऊ वेळा. उठून स्वयंपाकघरात गेले आणि सवयीने तांदळाच्या डब्यात हात घातला.

हाताला कागद लागला. सुकन्येला देवनागरी येत नाही. तमिळ अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं, "आई, तुझ्या तांदळाचं मी डॉक्टरांना सांगितलं नाही. तू सांग. मी येईपर्यंत तपासणीला रक्त देऊन ये."

तांदूळ परत डब्यात टाकले. दुसऱ्या दिवशी शाळेत उशिरा गेले, आधी लॅबमध्ये गेले.

शेवटचा सामना त्या दोन विरुद्ध एक हरल्या. अर्धा वेळ काव्या, अर्धा वेळ सुकन्या. सामन्यानंतर तिचा फोन आला. मी म्हटलं, "किती सुंदर अडवलंस गे, त्या शेवटच्या..."

"ते असू दे. किती आलं?"

"आठ पॉइंट तीन."

सुकन्या म्हणाली, "मी सातावरून निघाले होते. तू माझ्यापेक्षा पुढून निघतेस." आणि मग दटावून, "पण कॉफी दोन तासांनी."

लिंबाचं पाणी मी डाव्या हाताशी ठेवलं आहे. गोळी घेऊन तास झाला, कॉफीला अजून तासभर आहे.